मायच्या झोपेपायी

मायची झोप नेमकी कधी गेली, हे घरात कुणालाच सांगता आलं नसतं. जेवण कमी झालं की ताटात कळतं. झोप कमी झालेली कळायला फार दिवस जातात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, ते वर्ष तेव्हा सरलं होतं. आमचं गाव परभणीजवळच्या झरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गावाबाहेरच्या वस्तीतली काही घरं त्या पावसाळ्यात जळाली आणि जी माणसं निघून गेली ती परतली नाहीत. मायसोबत आमच्या रानात खुरपायला एक बाई यायची, मायच्याच वयाची. तीही नवरा-लेकरं घेऊन परभणीला गेली ती तिकडचीच झाली. माय तिचं नाव काढायची नाही, पण खुरपताना शेजारची तिची पात, खुरपायची ओळ, रिकामी सोडून बसायची. तिची झोप तेव्हापासून गेली, की वयाचं काही होतं, की आणखी काही, मला आजही ठरवता येत नाही.

मी पहाटे उठले की माय चुलीपुढं बसलेली असायची. चूल पेटवलेली नसायची. नुसती बसलेली.

"माय, लवकर उठलीस?"

"निजलेच कुठं?" ती म्हणायची. "डोळ्याला डोळा लागंना गेलाय."

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग तिच्या हातून भाकरी करपायला लागल्या. विहिरीवर गेली की पोहरा आत सोडून कशाला आलो होतो हेच विसरायची. चिडायची, रडायची. घरात वाटी पडली तरी अंगावर वीज पडल्यासारखी दचकायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं करून पाहिलं. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळलं, डोक्यावर एरंडाचं तेल थापलं, म्हशीचं दूध जायफळ उगाळून दिलं. झरीच्या दवाखान्यातल्या गोळ्या आणल्या. त्यानं ती दिवसभर झिंगल्यासारखी राहायची आणि रात्री पुन्हा टक्क जागी.

अण्णा कसे होते ते इथं सांगायला पाहिजे. गावात शांत माणूस म्हणून त्यांची ओळख. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा होता. आवाज असा की बायका लेकरं मांडीवर घेऊन ऐकत बसायच्या आणि लेकरं तिथंच झोपून जायची. घरी आले की माय म्हणायची, "समद्या गावाला निजवून आलात, आता मला निजवा." अण्णा कसनुसं हसायचे.

परभणीतल्या एका कंपाउंडरनं त्यांना ब्रँडी सांगितली. औषध म्हणूनच सांगितली. निजायच्या आधी दोन चमचे कोमट पाण्यात. अण्णांनी ती शिशी कापडात गुंडाळून आणली आणि मायच्या हातात देताना इकडंतिकडं पाहिलं. माय वास घेऊन म्हणाली, "आवं, ही दारू हाय."

"औषिद म्हणून घे. देव काही म्हणत न्हाई."

त्या रात्री माय झोपली. मला आठवतं, सकाळी ऊन ओसरीवर आलं तरी ती निजलेली होती आणि अण्णा उंबऱ्यात बसून तिच्याकडं बघत होते. मला त्यांनी हातानंच गप्प राहायची खूण केली. म्हशीची धार त्यांनी काढली, चूल मी पेटवली. माय उठली तेव्हा तिचा चेहरा लहान पोरीसारखा दिसत होता. "लय दिसांनी निजले," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. आम्हीही रडलो. आमच्या घरात त्या दारूचं असं स्वागत झालं.

तो सुखाचा काळ थोडाच होता. हळूहळू दोन चमच्यांनी डोळा लागेना. मग चार, मग अर्धी वाटी. झोप यायची ती धाडकन, बोलता बोलता, पण टिकायची नाही. मध्येच घामानं भिजून उठायची, छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं. म्हणायची, "कुणीतरी ढकलून उठवल्यावानी होतंय." पुढं तिला घोरणं लागलं. माय पूर्वी इतकी हळू निजायची की जवळ गेल्याशिवाय श्वास कळायचा नाही. आता ती घोरायची, घोरता घोरता एकदम थांबायची, आणि गचका घेऊन पुन्हा सुरू व्हायची. त्या थांबण्यात अण्णा बाजेवर उठून बसायचे. म्हणजे मायला झोप लागावी म्हणून आणलेल्या त्या औषधानं अण्णांचीही झोप गेली.

पुन्हा जाग आली की ती पुन्हा घ्यायची. मग दुपारी, कारण रात्र वाया गेलेली असायची. परभणीच्या शिशा पुरेनात. अण्णा झरीच्या बाजारातून देशी आणायला लागले. शिशी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचे, तीही मायनं ठेवायला सांगितल्यावरून नव्हे, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून.

बाजारात किती दिवस लपून राहणार? गावातल्या एकानं अण्णांना दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पारावर विषय निघाला. कुणीतरी थट्टेत विचारलं, "काय अण्णा, आता पोथी कोणती सुरू केलीय?" अण्णा काहीच बोलले नाहीत. नाही म्हणाले असते, तर मग दारू कुणासाठी, हा प्रश्न आला असता. आमच्या घरात मोठी माणसं दोनच होती.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. मी तेव्हा लग्नाच्या वयाची.

"बाई, आता लोक मला पेताड म्हणतील. म्हणू दे. तू कुणाला काही सांगायचं न्हाई."

"पण अण्णा, तुमी तर..."

"बाईमाणसाचं असं नाव झालं तर ती जगायची न्हाई. माझं काय, मी गडी हाय. गडी पितेत." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् धाकट्याला तर कळूच द्यायचं न्हाई. त्याला त्याची माय हाय तशी राहू दे."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो परभणीला शिकायला होता, सणासुदीला यायचा. त्याला घरात वास यायचा, कणगीतली शिशी एकदा त्याच्या हाताला लागली, गावात पोरांनी त्याला चिडवलं. जे लोकांनी मानलं तेच त्यानंही मानलं. तो अण्णांशी बोलेनासा झाला. यायचा तो मायजवळ बसायचा. मायचे सुजलेले डोळे बघून म्हणायचा, "माय, ह्या माणसानं तुझी काय दशा केली." माय खाली बघायची. तिला बोलायचं असावं, असं मला दोन-तीनदा वाटलं. पण प्रत्येक वेळी अण्णाच मध्ये काहीतरी काम काढून तिला उठवायचे.

त्या श्रावणात पोथी दुसऱ्यानं वाचली. अण्णांना कुणी ये म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. मंडळी त्यांच्या दारावरून देवळात गेली. अण्णा आत बसून दोर वळत होते. देवळातून आवाज यायचा तसा त्यांचा हात थांबायचा आणि पुन्हा चालायचा.

मला एक स्थळ आलं होतं, परभणीतल्या मास्तराचं. पाहणं झालं, पसंती झाली. मग त्यांच्याकडचा कुणीतरी गावात चौकशी करून गेला आणि निरोप आला की पोरगी चांगली हाय, पण बापाचा नाद बरा न्हाई. अण्णांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला. तो गेल्यावर ते माझ्याकडं बघू शकले नाहीत. माय त्या वेळी आतल्या खोलीत झोपली होती. भरदुपारी, तोंड उघडं टाकून. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या मनात आलं की हिला गदागदा हलवावं. हलवलंही. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं नाही आणि पुन्हा निजली.

पुढं माझं लग्न पालमला झालं, दुकानदाराच्या घरात. माणसं वाईट नव्हती, पण भांड्याला भांडं लागलं की सासू म्हणायची, "दारूड्याची लेक ती." मी ऐकून घ्यायचे. कुणाच्या पिण्यापायी आपण हे ऐकतोय, हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त लागायचं.

एका वर्षी पंचमीला मी माहेरी आले होते, कडेवर पोरगी घेऊन. माय त्या दिवशी सकाळपासूनच निजलेली. घरात वास कोंडलेला. अण्णांनी आणि मी मिळून तिचं लुगडं बदललं होतं, कारण आताशा तिला झोपेत अंथरूण ओलं झालेलंही कळायचं नाही. मी ओली वाकळ वाळत घालायला परसात गेले तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. मामा आला होता. मायचा धाकटा भाऊ, बहिणीला पंचमीला न्यायला.

अण्णा उंबऱ्याशी होते. आत माय बाजेवर पालथी पडलेली आणि खाली शिशी. दार लावायलाही वेळ नव्हता. मी परसातून धावत आले आणि पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. अण्णांनी ती शिशी उचलली, तोंडात घोट घेतला, चूळ भरली तसा खुळखुळवला आणि भिंतीच्या कडेला थुंकला. उरलेली छातीवर सदऱ्यावर ओतून घेतली. मग धोतराचा सोगा सोडला आणि डुलत डुलत अंगणात गेले. दारूडे कसे चालतात ते त्यांना येत नव्हतं. जत्रेतल्या तमाशातल्यासारखं चालत होते.

"या पावणं," ते म्हणाले. "या, बसा."

मामानं वास घेतला. "दाजी, आजच्या दिवशी तरी? आक्का कुठाय?"

"पडलीय. तिला ताप हाय. तिला उठवू नगा."

"ताप हाय का तुमी मारलंय?"

मामानं त्यांच्या थोबाडीत दिली. मामा अण्णांपेक्षा वयानं किती लहान, अण्णांच्याच हातावर खेळलेला. अण्णांची टोपी पडली. आजूबाजूच्या घरातून माणसं बाहेर आली. "माझ्या बहिणीचं वाटुळं केलंस तू," मामा ओरडत होता, आणि अण्णा टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणत होते, "व्हय बाबा. चुकलं माझं."

मी मध्ये पडायला गेले. अण्णांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. तो मला घातलेला दम होता. मी जागीच उभी राहिले. एवढा गलका झाला, शेजारणी आत येऊन मायभोवती जमल्या, कुणी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तरी माय झोपेतून उठली नाही. शेजारणी म्हणाल्या, "मारून मारून बेसुद केलं गं बाईला."

मामा तिला गाडीत घालून घेऊन गेला. कुणीतरी तिच्यासोबत पाहिजे म्हणून मीही गेले.

मामाच्या घरी तिला दारू कुठून मिळणार? पहिल्या रात्री ती तळमळली. दुसऱ्या दिवशी हात इतके कापायला लागले की पाण्याचा तांब्या धरता येईना. झोप तर नाहीच. डोळे मिटले की किंचाळून उठायची. मग तिला दिसायला लागलं. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, त्या ती हातानं झाडायची. हवेतून दोरे ओढायची. आणि त्या खुरपणीच्या बाईला हाका मारायची, आमच्या रानात यायची तिला. "तुझी पात ठिवलीय गं, ये की." मामी पदर तोंडाला लावून रडायची. मामाला वाटलं करणी केलीय. त्यानं जाणता माणूस आणला, लिंबं उतरली, धूप घातला. धुरानं माय आणखी घाबरी झाली. मी मामीला म्हणाले, दवाखान्यात नेऊ. मामा म्हणाला, "दवाखान्याचं हे दुखणं न्हाई. नवऱ्याच्या जाचानं डोकं फिरलंय तिचं."

अण्णांना मी निरोप धाडला. ते आले तेव्हा मामानं त्यांना अंगणातच अडवलं. अण्णांनी हातातला काचेचा बुधला पुढं केला. "मला आत येऊ देऊ नगा. ह्यो काढा तेवढा द्या तिला. झरीच्या वैदूचा हाय."

बुधला मीच आत नेला. झाकण काढल्यावर मला कळलं. वर ओवा आणि काय काय घातलं होतं, पण खाली तेच होतं. मायनं दोन्ही हातांनी धरून तो तोंडाला लावला. थोड्या वेळानं तिचे हात थांबले. मग ती निजली. मामाच्या घरातले सगळे तिच्याकडं बघत उभे होते. मामी म्हणाली, "काढ्याला गुण हाय बाई." बाहेर अंगणात अण्णा बाभळीच्या विरळ सावलीला तसेच बसून होते, आणि कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मायनं घरी जायचा हट्टच धरला म्हणून मामानं तिला सोडलं; तिला परत आणल्यावर मी अण्णांच्या मागं लागले की परभणीच्या मोठ्या डॉक्टरकडं जाऊ. ते तयार झाले, पण मायला न्यायला तयार झाले नाहीत. "तिथं आपल्याकडची माणसं असत्यात." मग आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरपुढं बसून अण्णा म्हणाले, "मी दारू पितो. मला झोप येत न्हाई." आणि मायची सगळी दुखणी आपली म्हणून सांगितली. कशी सुरुवात झाली, कसं मधेच दचकून जाग येते, घोरणं, घाम, हात कापणं, मुंग्या.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला, पुढं करायला लावला. हात थिर. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "काका, तुम्ही पीत नाही. कोण पितं घरात?"

अण्णांनी मान खाली घातली. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट धरलं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. ते सावकाश बोलायला लागले. म्हणाले, "हे बघा, दारूनं माणूस लवकर पडतं, त्याला आपण झोप म्हणतो. पण झोपेचं जे खरं काम असतं ते त्यात होत नाही. पहिल्या प्रहरात गुंगी असते. ती उतरली की अंग उलटं जागं होतं. मग घाम येतो, छाती धडधडते, घाणेरडी स्वप्नं पडतात. श्वासाची नळी ढिली पडते म्हणून घोरणं. माणूस रात्रभर पडून राहतं आणि सकाळी न झोपल्यासारखं उठतं. आणि एकदम बंद केली तर त्याहून वाईट. त्यात जीवसुद्धा जातो. हळूहळू कमी करावी लागेल, माझ्या नजरेखाली. त्यांना इथं घेऊन या. भरती करू."

अण्णांनी विचारलं, "भरती केलं की नाव लिहावं लागंल?"

"लिहावं लागेल की."

"आन् काय झालंय तेबी?"

डॉक्टरांनी मान हलवली. अण्णा उठले, त्यांना हात जोडले आणि आम्ही बाहेर पडलो. एसटी स्टँडवर मी भांडले त्यांच्याशी. लोकांच्या देखत भांडले. "तुमच्या इज्जतीपायी ती मरंल."

"माझी कुठं राह्यलीय," ते म्हणाले. "तिची हाय तेवढी."

त्यांनी घरी आपल्या मनानं कमी करायचा प्रयत्न केला. मोजून द्यायचे, पाणी वाढवायचे. माय ते ओळखायची. काही महिने बरेही गेले. मी गेले तेव्हा ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि भाकरी गोल होती. पण झोप नव्हती. दारू कमी केली की रात्रभर टक्क जागी, वाढवली की ते गुंगीतलं मढ्यासारखं पडणं. मधलं काही उरलंच नव्हतं. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर सरकी निवडत होतो. ती त्या दिवशी शुद्धीत होती. मला म्हणाली,

"निजणं कसं असतंय, ते इसरलेच बघ मी."

"होईल माय नीट."

"डोळे मिटले की अंधार पडतो गं. पण आत कुणीतरी जागंच असतंय. लहानपणी निजायचे तेव्हा आत कुणी नसायचं." मग हात थांबवून म्हणाली, "तुझ्या बापाला मी लय सांगितलं, मला मरू द्या, पर हे तुमच्या अंगावर घेऊ नगा. ऐकंना गेलाय माणूस. त्याच्या तोंडाकडं बघितलं की मला आणखी प्यावं वाटतंय."

हे ती एकदाच बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं, पाय सुजले. आता तिला दिवस काय, रात्र काय, कळायचं नाही; रात्री जागी राहून बडबडायची आणि दिवसभर निजायची. भेटायला येणाऱ्या बाया उशाशी बसायच्या आणि अण्णांना ऐकू जाईल असं बोलायच्या. "पेला त्यानं आन् कावीळ झाली हिला. काय देवाचा न्याव." अण्णा तिचे पाय चेपत बसलेले असायचे. बाया गेल्या की पाणी गरम करायचे, तिला पुसून काढायचे. शेवटच्या दिवसांत तिनं दारू मागितली नाही. अन्नच मागितलं नाही तर दारू कुठली. एका दुपारी अण्णा तिला वारा घालत होते आणि घालता घालता त्यांचाच डोळा लागला. उठले तेव्हा ती गेलेली होती.

भावानं अण्णांना मायच्या मुखात शेवटचं पाणी घालू दिलं नाही. "ह्यांनीच मारलं तिला, ह्यांच्या हातचं तिला नको," म्हणाला. सगळं गाव ऐकत होतं. मी पुढं होऊन भावाचा दंड धरला. अण्णा मला म्हणाले, "बाई, गप. आज गप."

त्यानंतर भाऊ परभणीतली नोकरी सोडून बायकोसह गावात राहायला आला, शेत बघायला लागला. अण्णांची बाज त्यानं गोठ्याकडं टाकली. जेवायला द्यायचा, ताट बाहेर ठेवून. भावजय चांगली होती, पण नवऱ्यापुढं काय बोलणार? मी पालमहून जायचे तेव्हा अण्णा गोठ्यात बसलेले दिसायचे. त्यांना झोप येत नव्हती. इतकी वर्षं मायचा श्वास ऐकत रात्री काढलेल्या, आता ऐकायला कुणी नाही तरी जाग यायची. गावातले म्हणायचे, "सुटल्यामुळं तळमळतंय म्हातारं."

कारण मायच्या पाठोपाठ अण्णांची दारू सुटली, हे गावाच्या लक्षात आलं होतं. बाजारात जाणं बंद, शिशा बंद. लोकांना त्याचं नवल वाटलं. त्याच सुमाराला दारू सोडलेल्यांचा सत्कार करायची टूम गावात निघाली. शाळेपुढं मांडव घातला होता. मी त्या दिवशी आले होते. अण्णा यायला तयार नव्हते, दोघांनी धरून आणलं. शेला घातला, नारळ दिला. सरपंच म्हणाले, "अण्णा, दोन शब्द बोला. पोरांना सांगा, इतक्या वर्षांची दारू कशी सोडली?"

अण्णा उभे राहिले. किती वर्षांनी ते गावापुढं बोलत होते. तो आवाज राहिला नव्हता.

"मी काही सोडली न्हाई," ते म्हणाले. "पिणारं माणूसच राह्यलं न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, बघा, पहिला माणूस मेला, आता हा नवा जन्म. मला मांडवात बसवेना. मी उठून बाहेर आले आणि शाळेच्या भिंतीला टेकून रडले. एक पोरगं मला विचारत होतं, "काय झालं, काय झालं."

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या थंडीत अण्णा गेले. त्या दिवसांत गाड्या बंद होत्या, निरोप पालमला पोचला तोच उशिरा. मी आले तेव्हा राख सावडून झाली होती. घरात रडारड नव्हती. मागची आवराआवर चालली होती.

तेराव्यानंतर मी भावाला परसात नेलं आणि सगळं सांगितलं. कंपाउंडरपासून मामाच्या थोबाडीपर्यंत, डॉक्टरचं, काढ्याचं, सगळं. आता कुणाला लाजायचं उरलं नव्हतं. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं डोळे पुसले, म्हणून मला वाटलं त्याला पटलं.

मग तो म्हणाला, "आक्का, हे तू मला आता कशाला सांगतीस?"

"खरं हाय म्हणून."

"खरं असंल. नसंल बी." तो उठला. "बाप तर मी कवाच टाकलाय. त्याच्यासाठी आता मायबी टाकू का? माझ्या लेकरांना सांगू, तुमची आजी दारू पेत होती?"

"आन् आजोबा पेत होता म्हणून सांगतोस ते?"

"ते समद्या गावाला माहीत हाय," तो म्हणाला. "ते आता काय बदलतंय."

दारात त्याचा थोरला पोरगा उभा होता. त्याला त्यानं जवळ घेतलं आणि दोघं बैलांना पाणी पाजायला गेले. भावजयीनं चहा आणला. तो मी प्याले, तिच्या हातातली माझी पिशवी घेतली आणि दुपारच्या गाडीनं पालमला परत आले.